महिना आठ रुपये

गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ‘मवाळ’ हा शब्द, गांधीजींचे गुरू, आणि भारत सेवक समाज. शाळेच्या इतिहासात ‘जोड्या लावा’मध्ये एक मार्क मिळायचा, तो घेऊन आपण पुढच्या प्रश्नाकडे पळायचो. मीही त्यातलाच. मागच्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेसाठी मुद्दे हवे होते म्हणून लायब्ररीतून गोखल्यांचं चरित्र आणलं. खरं सांगायचं तर पहिली वीस पानं वाचून परत करायचं असा बेत होता. पण त्या वीस पानांतच एक आकडा भेटला आणि स्पर्धा बाजूला राहिली. तो आकडा म्हणजे महिना आठ रुपये.

आपण इंजिनिअरिंगवाले, त्यामुळे आकड्यांपासूनच सुरुवात करू.

गोपाळचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावचा. आज ते गुहागर तालुक्यात येतं. घरची परिस्थिती साधारणच. कोकणातल्या शेतीवर पोट भरेना म्हणून वडील कृष्णराव घाट चढून कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीला आले. आधी कारकुनी, मग पोलीस खात्यातली फौजदारकी. मोठा मुलगा गोविंद, धाकटा गोपाळ, आणि चार बहिणी. कागलची शाळा संपली तसे दोघे भाऊ पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला गेले. इथपर्यंत सगळं रुळावर होतं.

१८७९ साली वडील वारले. गोपाळ तेरा वर्षांचा, गोविंद अठराचा. काका अंताजी यांनी कुटुंबाला कोकणात ताम्हनमळ्याला नेलं. पण घर चालायचं कसं, आणि शिकायचं कोणी? पगार देणारं माणूस गेलं होतं, आणि शिल्लक म्हणावी असं मागे काही नव्हतं.

आता इथं थांबून जरा विचार करा. दोन भाऊ, दोघेही शिकणारे. पैसा एकालाही पुरेल एवढा नाही. अशा वेळी आपल्याकडे घरात बैठक वगैरे होत नाही. कोणीतरी एक जण उठतो आणि गप्पपणे दप्तर खुंटीला अडकवतो. गोखल्यांच्या घरात तो गोविंद होता. अठराव्या वर्षी त्यानं शिक्षण सोडलं आणि कागललाच नोकरी धरली. पगार महिना पंधरा रुपये. त्यातले आठ रुपये तो कोल्हापूरला गोपाळला पाठवायचा, आणि उरलेल्या सातांत आई, बहिणी आणि स्वतःचं घर चालवायचा.

पुन्हा वाचा. पंधरातले आठ धाकट्याला. म्हणजे निम्म्याहून जास्त. सगळ्या घराला सात आणि एकट्या गोपाळच्या शिक्षणाला आठ! आजच्या भाषेत कोणी याला ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणेल. मला तो शब्द आवडत नाही. इन्व्हेस्टमेंट करणारा माणूस परतावा किती मिळेल ते आधी विचारतो. गोविंदराव असं काही विचारत बसले असतील असं वाटत नाही.

आठ रुपयांत कोल्हापुरात राहायचं म्हणजे काय, ते गोपाळला चांगलं ठाऊक होतं. हातानं स्वयंपाक करायचा. तेल वाचावं म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करायचा. (हे रस्त्यावरच्या दिव्याचं आपण इतक्या थोर माणसांबद्दल ऐकलंय की आता ऐकलं की हसूच येतं. पण दिव्याच्या तेलाला पैसे पडतात आणि पैसे मोजूनच येतात, हे लक्षात घेतलं की हसू जातं.) त्या काळातली एक गोष्ट सांगतात. एका मित्रानं गोपाळला नाटकाला नेलं. गोपाळला वाटलं, मित्र आपल्याला पाहुणा म्हणून नेतोय. काही दिवसांनी त्या मित्रानं तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळनं काही न बोलता दिले, आणि ते दोन आणे भरून काढायला पुढे कितीतरी रात्री खोलीतला दिवा न लावता बाहेर जाऊन वाचत बसला.

मला या गोष्टीत दिव्यापेक्षा ते ‘काही न बोलता’ जास्त लागतं. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हे कळेल. वाढदिवसाच्या पार्टीचं काँट्रिब्युशन, गेट-टुगेदरचा टी-शर्ट, ‘अरे फक्त तीनशेच तर आहेत’. आणि आपल्यातलाच एखादा ‘मला काम आहे रे’ म्हणून त्या संध्याकाळी लायब्ररीत जाऊन बसतो. त्याला काम नसतं. त्याचं गणित दोन आण्यांचं असतं. ते गणित तो कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की त्या तीनशेत घरचं माणूस दिसायला लागतं.

१८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. वय पंधरा. आदल्याच वर्षी, म्हणजे चौदाव्या वर्षी, त्याचं लग्नही झालं होतं. त्या काळी यात कोणाला काही वावगं वाटत नसे. पण त्याचा अर्थ असा की डोक्यावर आणखी एक जबाबदारी. साहजिकच गोपाळनं ठरवलं, आता बास. आता नोकरी धरायची आणि दादाचं ओझं हलकं करायचं. मॅट्रिक झालेल्या मुलाला तेव्हा नोकरी मिळत होती. हिशेब अगदी सरळ होता.

तो हिशेब घरातल्या दोन माणसांनी मोडला. एक गोविंदराव, आणि दुसरी त्यांची बायको, गोपाळची वहिनी. कॉलेजला जायचंच, असं दोघांनी बजावलं. फीसाठी पैसे नव्हते, तर वहिनींनी अंगावरचे दागिने काढून दिले.

चरित्रांत वहिनी एवढ्यापुरत्याच येतात. दागिने देतात आणि जातात. पण मला वाटतं, या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठा निर्णय त्यांचा आहे. गोविंदराव निदान सख्खा भाऊ. वहिनी परक्या घरातून आलेल्या. त्या काळच्या बाईकडे स्वतःचं म्हणावं असं दागिन्यांखेरीज काय होतं? अडीनडीचं तेवढंच. ते त्यांनी दिराच्या कॉलेजसाठी दिलं. आणि त्या घरातल्या मुली? गोपाळच्या चार बहिणींच्या कॉलेजचा प्रश्नच कधी निघाला नाही. घरानं पोटाला चिमटा काढून एकाला शिकवायचं ठरवलं तेव्हा तो ‘एक’ मुलगा असणार हे न बोलताच ठरलेलं होतं. घराचा आधार म्हणतो आपण, पण तो कोणाकोणाच्या वाट्याचं काढून एकाला दिलेला असतो हेही बघायला पाहिजे.

मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. तिथं तेव्हा पहिल्या वर्षाच्या परीक्षेपुरतंच शिक्षण मिळायचं, म्हणून पुढे काही दिवस पुण्याचं डेक्कन कॉलेज, आणि शेवटी मुंबईचं एल्फिन्स्टन. गोपाळची पाठांतराची ताकद दांडगी होती. पानंच्या पानं मुखोद्गत. (आपल्याकडे याला रट्टा मारणं म्हणतात. पण त्या रट्ट्यावरच त्याचं इंग्रजी पुढे असं तयार झालं की व्हॉइसरॉयच्या कौन्सिलात साहेब लोक कान देऊन ऐकायचे.) गणितही पक्कं होतं. एल्फिन्स्टनला प्राध्यापक हॅथॉर्नथ्वेट यांचं या हुशार, अबोल पोराकडे लक्ष गेलं, आणि त्याला महिना वीस रुपयांची स्कॉलरशिप मिळाली.

वीस रुपये! दादाच्या अख्ख्या पगारापेक्षा पाच जास्त. त्या दिवशी कागलला ही बातमी पोचली असेल तेव्हा त्या घरात काय वाटलं असेल, याचा विचार मी बराच वेळ करत बसलो होतो. १८८४ साली अठराव्या वर्षी गोपाळ बी. ए. झाला. दुसरा वर्ग. म्हणजे विद्यापीठात पहिला वगैरे नाही हं. ज्यांचा सीजीपीए पाहून घरचे उसासे टाकतात त्यांनी नोंद घ्यावी!

एक गंमत सांगतो. बी. ए. झाल्यावर पुढे काय, या प्रश्नावर गोपाळरावांच्या डोक्यात इंजिनिअर होण्याचाही विचार येऊन गेला होता. पुण्याच्या ज्या कॉलेजात तेव्हा इंजिनिअरिंग शिकवत, तिथूनच १८८३ साली एक तरुण पहिल्या नंबरानं बाहेर पडला होता. त्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपण दर वर्षी १५ सप्टेंबरला ज्यांच्या फोटोला हार घालतो, तेच. गोपाळराव त्या वाटेनं गेले असते तर त्यांना विश्वेश्वरय्यांचे ज्युनियर म्हणावं लागलं असतं. या दोघांची गोष्ट किती सारखी आहे पाहा. विश्वेश्वरय्यांचेही वडील लहानपणीच गेले. बंगळुरूला मामा होते, रामय्या, त्यांनी आधार दिला. शिकवण्या करून त्यांनी बी. ए. केलं, आणि मग म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप मिळाली म्हणून पुण्याला येता आलं. इंजिनिअर्स डेच्या भाषणांत आपण खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे सांगतो, कृष्णराजसागर सांगतो. मामा मात्र कोणी सांगत नाही. मामा नसते तर?

गोखल्यांकडे परत येऊ. इंजिनिअरिंग राहिलं. कायद्याचा अभ्यास सुरू केला, कारण वकिली म्हणजे पैसा. आणि पोटासाठी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तरकी धरली, पगार पस्तीस रुपये. शिवाय सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक क्लासही घ्यायचे. पैसे घरी जात होते. गाडी आता खऱ्या अर्थानं रुळावर आली होती.

आणि इथंच खरी कसोटी आली, जी मला आठ रुपयांपेक्षाही अवघड वाटते.

न्यू इंग्लिश स्कूल टिळक-आगरकरांच्या मंडळींचं. १८८४ साली त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू केलं. तिथं आजीव सभासद व्हायचं तर वीस वर्षं अल्प पगारावर शिकवण्याचं बंधन. पगार पंचाहत्तरपर्यंत. गोपाळरावांना आजीव सभासद व्हायचं होतं. विशीतला तरुण, आगरकरांसारखी माणसं आजूबाजूला, मन तिकडे ओढ घेणारच. पण घरी काय सांगायचं? ज्या भावानं स्वतःचं शिक्षण सोडलं, ज्या वहिनीनं दागिने दिले, त्यांनी मनात काय चित्र रंगवलं असेल? आपला गोपाळ वकील होईल, मोठा होईल, घर वर येईल. त्यात गैर काय होतं? आणि हा सांगणार की मी वीस वर्षं मास्तरकी करणार आहे!

गोविंदरावांना पहिल्यांदा हे पटलं नाही. कसं पटावं? पण गोपाळरावांनी समजूत घातली आणि शेवटी त्यांनी होकार दिला. १८८६ साली गोपाळराव आजीव सभासद झाले. मला विचाराल तर गोविंदरावांनी धाकट्याला दोनदा शिकवलं. एकदा आठ रुपये देऊन, आणि दुसऱ्यांदा त्या आठ रुपयांचा हिशेब न मागता. पहिली गोष्ट पुष्कळ घरं करतात. दुसरी फार थोड्यांना जमते.

इथं थोडं माझ्या घरचं. माझा दादा बारावीनंतर आयटीआय करून एमआयडीसीत लागला. फिटर आहे. माझ्यापेक्षा मशीन त्याला जास्त कळतं, हे मी व्हायवाच्या आदल्या रात्री त्याला फोन करतो तेव्हा दर वेळी सिद्ध होतं. माझ्या एज्युकेशन लोनचं व्याज त्याच्या खात्यातून जातं. त्यानं मला आजवर कधी काही ऐकवलेलं नाही. पण प्लेसमेंटचा विषय निघाला की फोनवर एक सेकंद शांतता होते, आणि त्या एका सेकंदात सगळं असतं. आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर तो सेकंद असतो. कोणाला एम. टेक. करायचं असतं, कोणाला यूपीएससी, एकाला तर चक्क नाटक करायचंय. त्यांतले किती जण घरी तोंड उघडून सांगू शकतात? गोपाळरावांनी सांगितलं. आणि दादानं ऐकलं. दोन्ही कठीण आहे.

घराचा आधार मिळतो तसा घराचा हातही खांद्यावर राहतो, हेही सांगायला हवं. गोपाळरावांची पहिली पत्नी बरी न होणाऱ्या आजारानं ग्रासलेली होती. ती हयात असताना १८८७ साली त्यांनी दुसरं लग्न केलं. ज्या आगरकरांच्या ‘सुधारक’ची इंग्रजी बाजू ते पुढच्याच वर्षापासून सांभाळणार होते, त्या गोटातल्या माणसाला हे शोभलं का? मला नाही वाटत. पुढे विरोधकांनी बोट ठेवायला ही जागा सोडली नाही, आणि सामाजिक सुधारणांच्या व्यासपीठावर स्वतः गोखलेही जरा मागेच राहिले.

पुढचं आयुष्य पुस्तकांत सापडतं, म्हणून भरभर सांगतो. फर्ग्युसनमध्ये ते इंग्रजी शिकवायचे, गणित शिकवायचे, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवायचे. ज्या विषयाला माणूस कमी पडेल तिथं गोखले. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांत लागलं. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली बसून सरकारी अहवाल आणि आकडे कसे वाचायचे ते शिकले. १८९७ साली इंग्लंडला जाऊन वेल्बी कमिशनसमोर साक्ष दिली. १८९९ साली मुंबई कायदे कौन्सिलात, आणि १९०२ पासून व्हॉइसरॉयच्या कौन्सिलात. तिथल्या पहिल्याच बजेटवरच्या भाषणात त्यांनी सरकारच्या शिलकीचे आकडे सरकारच्याच तोंडावर टाकून दाखवलं, की तिजोरी भरलीय ती देशाची भरभराट झाली म्हणून नव्हे, लोकांवर कर जास्त आहे म्हणून. मिठावरच्या कराचा पिच्छा तर त्यांनी सोडलाच नाही. मणाला अडीच रुपये असलेला तो कर १९०३ पासून टप्प्याटप्प्यानं कमी होत १९०७ मध्ये एक रुपयावर आला. सात रुपयांत चालणारं घर ज्यानं पाहिलंय त्याला मिठावरचा कर म्हणजे काय, ते वेगळं समजावून सांगावं लागत नसणार. १९०५ साली भारत सेवक समाज काढला, त्याच वर्षी काशीच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

पण मला त्यांचं सगळ्यांत मोठं काम वाटतं ते फसलेलं काम.

१९१० च्या मार्चमध्ये गोखल्यांनी कौन्सिलात ठराव मांडला, की प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याच्या दिशेनं सरकारनं पाऊल टाकावं. सरकारनं पाहू म्हटलं, ठराव मागे घ्यायला लावला, आणि काही केलं नाही. तेव्हा १६ मार्च १९११ रोजी त्यांनी स्वतःच बिल आणलं. त्या वर्षीच्या जनगणनेत देशातली साक्षरता होती जेमतेम सहा टक्के. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णव माणसांना स्वतःचं नावही लिहिता-वाचता येत नव्हतं.

बिलात क्रांती वगैरे काही नव्हती. मवाळच बिल ते! सहा ते दहा वर्षांच्या मुलांनाच सक्ती. तीही सगळीकडे नाही. ज्या भागात आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जातायत, तिथल्या नगरपालिकेनं किंवा लोकल बोर्डानं ठरवलं आणि सरकारनं मान्यता दिली तरच. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेचा, दोन हिस्से सरकारचे. मुलींचं नंतर पाहू. (पुन्हा नंतर!) आणि एक कलम असं, की ज्या पालकाचं उत्पन्न महिना दहा रुपयांपेक्षा कमी आहे त्याच्याकडून फी घ्यायची नाही.

ते दहा रुपये वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. आपण तहसीलदार कचेरीतून रांगेत उभं राहून उत्पन्नाचा दाखला आणतो ना, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी, आठ लाखांच्या आतला? कल्पना तीच. घरचं उत्पन्न कमी आहे हा मुलाचा दोष नाही, त्याची शिक्षा त्याला नको, फीचं आम्ही बघतो, असं सरकारनं म्हणायचं. गोखल्यांनी हे करताना मनात कागलचे आठ रुपये धरले होते का, असं त्यांनी कुठं लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. मला आपलं वाटतं, की धरले असणार. कारण त्यांना पक्कं माहीत होतं, की आपल्याला गोविंद नावाचा भाऊ होता म्हणून आपण इथं उभे आहोत. ज्या मुलाला गोविंद नाही त्याचं काय? किंवा गोविंद आहे, पण त्यालाच पंधरा रुपयांची नोकरी कोणी देत नाही, त्याचं काय?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. गोखल्यांचं घर गरीब होतं खरं, पण लिहितं-वाचतं होतं, ब्राह्मणाचं होतं. वडील गेल्यावर अठरा वर्षांच्या पोराला संस्थानात कारकुनी मिळाली, ती अक्षरओळख आणि ओळखपाळख दोन्ही घरात होती म्हणून. त्याच वर्षी कागलच्याच गावकुसाबाहेर एखाद्या मुलाचा बाप वारला असेल, तर त्याच्या भावानं कितीही त्याग केला असता तरी त्याला शाळेच्या दाराशीच थांबावं लागलं असतं. गोपाळ कॉलेजात होता त्या १८८२ सालीच महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे नेमकं हेच मांडलं होतं, की सरकार कर घेतं रयतेकडून आणि शिक्षण पोचतं वरच्यांच्या मुलांना. आधी प्राथमिक शाळा काढा, आणि सक्ती करा. गोखल्यांचं बिल आलं ते त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

बिलावर मतं मागवली गेली. प्रांतांची सरकारं म्हणाली, पैसा कुठून आणायचा? कोणी म्हणालं, लोकांनाच सक्ती नकोय. आणि मोठमोठ्या जमीनदारांना दुसरीच चिंता. कुळांची पोरं शाळेत गेली तर शेतात राबणार कोण? गोखल्यांनी एकेका आक्षेपाला उत्तर दिलं, आकड्यांसकट. बडोद्याचं उदाहरण दिलं, जिथं सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं शिक्षण सुरू करून दाखवलं होतं. मार्च १९१२ मध्ये मतदान झालं. बाजूनं १३, विरुद्ध ३८. बिल पडलं. पडणार हे त्यांना आधीच माहीत होतं. तरी ते उभे राहिले आणि बोलले.

त्यानंतर ते तीन वर्षांहून कमी जगले. मधुमेहानं शरीर पोखरलं होतं. तशातच १९१२ च्या शेवटी गांधीजींच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेचा दौरा, मग सरकारी नोकऱ्यांवरच्या रॉयल कमिशनचं काम, इंग्लंडच्या खेपा. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते गेले. वय अठ्ठेचाळीस.

मुलांना शाळा हा हक्क म्हणून मिळायला पुढे किती वर्षं लागली ते आपल्याला माहीत आहे. घटनादुरुस्ती २००२ ची, कायदा २००९ चा, आणि अंमल १ एप्रिल २०१० पासून. पण कोल्हापूर तेवढं थांबलं नाही. गोखले गेल्यावर दोनच वर्षांनी, १९१७ साली, शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गोपाळ आठ रुपयांत हातानं भात शिजवत होता ते हेच कोल्हापूर. आणि शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले, जन्म १८७४ चा. गोविंदराव पंधरा रुपयांवर कागलात कारकुनी करत होते तेव्हा ते पाच वर्षांचे होते. त्यांच्या हुकमात पालकांसाठी दंडाचीही तरतूद होती. मुलाला शाळेत पाठवलं नाही तर महिना एक रुपया.